संगणकाच्या गाभ्यांतील मोजमाप

झांकली मूठ सव्वा लाखाची, अशी मराठींत म्हण आहे. मूठ झांकलेली आहे तोंवर आंत काय असेल याविषयीं नुसता तर्क चालतो; उघडली कीं खरी किंमत कळते. व्यवहारांत ही म्हण पुष्कळदां उपयोगी पडते. परंतु जेथें काम अडतें आहे आणि तें कां अडतें हें शोधावयाचें आहे, तेथें मूठ झांकून भागत नाहीं. ती थोडी तरी उघडावी लागते. मग विचार करावयाचा तो इतकाच, कीं ती कोणासाठीं उघडावी, किती उघडावी, आणि एकदां उघडल्यावर पुन्हां मिटतां येईल कीं नाहीं. संगणकाच्या अंतरंगांत हाच प्रश्न गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अनेकदां उभा राहिला, आणि त्याचें उत्तर पुष्कळदां अवघ्या एका ओळींत लिहिलें गेलें. त्या एका ओळीची ही हकीकत आहे.

बँकेंत पैसे भरावयाचे असोत, रेल्वेंतील जागा राखून ठेवावयाची असो, किंवा परदेशीं असलेल्या मुलाशीं बोलावयाचें असो. मध्यें कोठें तरी संगणक असतोच. अशा संगणकांपैकीं फार मोठ्या संख्येवर लिनक्स नांवाची व्यवस्था चालते. हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं ती लिहावयास घेतली; पुढें जगभरच्या हजारों लोकांनीं तींत भर घातली. अँड्रॉइड जातीचे फोन तिच्यावर चालतात. २०१७ च्या नोव्हेंबर महिन्यांत जगांतील सर्वांत वेगवान अशा पांचशें महासंगणकांची यादी प्रसिद्ध झाली, तेव्हां तींतील एकूण एक संगणक लिनक्सवर चालत होता.

या व्यवस्थेचा जो सर्वांत आंतला भाग, त्यास कर्नेल म्हणतात. मराठींत त्याला गाभा म्हणतां येईल. जुन्या वाड्यांत कोठाराच्या किल्ल्या जशा एका कारभाऱ्याच्या कमरेला असत, तशी संगणकाची सारी मालमत्ता या गाभ्याच्या हवालीं असते. स्मृतींतील जागा कोणाला द्यावयाची, प्रोसेसरचा वेळ कोणाला किती मिळावयाचा, तबकडीवर काय लिहावयाचें, हें सर्व तोच ठरवतो. पत्रें लिहिण्याच्या, हिशेब करण्याच्या किंवा गाणीं वाजवण्याच्या ज्या आज्ञावली आपण रोज वापरतो, त्या बाहेरच्या ओसरीवर बसतात. त्यांना कांहीं हवें असल्यास ठरलेल्या खिडकीशीं जाऊन मागावें लागतें. कोठारांत शिरण्याची मुभा त्यांना नसते.

आतां असें समजावें, कीं एखाद्या मोठ्या कचेरींतील संगणक मंदावला आहे. दुपारीं अकरा ते एक या वेळांत कामें तुंबतात. नवा, अधिक महाग संगणक घेणें हा एक उपाय झाला. परंतु विलंब नेमका कोठें होतो हें न कळतां केलेला खर्च हा निदानावांचून दिलेल्या औषधासारखा असतो. प्रोसेसर खरोखर राबतो आहे, कीं स्मृतींतून माहिती येण्याची वाट पाहत नुसता बसला आहे? बाहेरून दोन्हीं सारखींच दिसतात. घड्याळ लावून एवढें कळतें, कीं काम उशिरा झालें. तें कां उशिरा झालें हें घड्याळ सांगत नाहीं.

त्याकरितां प्रोसेसर बनविणाऱ्यांनीं त्याच्याच पोटांत लहान लहान मोजयंत्रें बसविलीं आहेत. त्यांना गणक म्हणावें. घरांतील विजेचा मीटर जसा गुपचूप फिरत असतो, तसे हे गणक फिरतात. किती आज्ञा पार पडल्या, जवळच्या लहान सांठ्यांत माहिती न सांपडल्यामुळें किती वेळां दूरच्या स्मृतीकडे धांव घ्यावी लागली, पुढली वाट कोणती याचा अंदाज किती वेळां चुकला, अशा गोष्टी ते मोजतात. इंटेलच्या १९९३ सालच्या पेंटियम प्रोसेसरमध्यें असे दोन गणक होते. पण त्यांची पुरती माहिती प्रथम सर्वांना खुली नव्हती. १९९४ च्या जुलै महिन्यांत टेर्ये माथिसेन यानें बाइट या अमेरिकन मासिकांत लेख लिहून ती उलगडून दाखविली, आणि तेव्हांपासून सामान्य संगणककारांस या मीटरांचा उपयोग करतां येऊं लागला.

गणकाचा उपयोग दोन रीतींनीं होतो. पहिली रीत सरळ आहे: कामाच्या आरंभीं आंकडा पाहावा, शेवटीं पाहावा, वजाबाकी करावी. दुसरी रीत अधिक मार्मिक आहे. गणक असा लावावा कीं एक लाख घटना झाल्या कीं तो भरून ओसंडेल, आणि ओसंडतांच प्रोसेसरला हटकील. त्या क्षणीं प्रोसेसर कोणती आज्ञा पाळीत होता, तें ठिकाण टिपून घ्यावें. असे हजारों टिपण जमले, कीं कोणत्या ठिकाणीं गर्दी आहे हें आपोआप दिसतें. वैद्य नाडी सारखी धरून बसत नाहीं. थोडथोड्या वेळानें पाहतो, आणि तेवढ्यावरून ज्वराची जात ओळखतो. तसेंच हें आहे.

अडचण अशी, कीं हे गणक लावण्याचा अधिकार बाहेरच्या आज्ञावलींना नसतो. ज्या आज्ञांनीं गणक लावतां येतात त्या प्रोसेसर फक्त गाभ्याकडूनच स्वीकारतो. म्हणून मोजणी करणारी आज्ञावली गाभ्याच्या आंत असावी लागते. मग ती कायमचीच आंत बसवून कां टाकूं नये, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचें उत्तर समजण्यासाठीं गाभ्याच्या रचनेंतील आणखी एक सोय लक्षांत घेतली पाहिजे.

लिनक्स वितरित करणाऱ्या संस्था प्रत्येक यंत्राकरितां निराळा गाभा बनवूं शकत नाहींत. एकच गाभा हजारों प्रकारच्या यंत्रांवर चालावा लागतो. जगांतल्या प्रत्येक छपाईयंत्राची, प्रत्येक कॅमेऱ्याची, प्रत्येक प्रोसेसरच्या मोजयंत्राची आज्ञावली जर त्यांत कायमची कोंबली, तर गाभा अवाढव्य होईल. आणि लिनक्सच्या गाभ्यानें अडविलेली स्मृति तबकडीवर हलवून मोकळी करतां येत नाहीं. ती अडली ती अडलीच. म्हणून मॉड्यूल नांवाची योजना निघाली. मॉड्यूल म्हणजे गाभ्याचा असा तुकडा, जो यंत्र चालू असतांनाच बोलावून आंत जोडतां येतो आणि काम संपल्यावर काढून टांकतां येतो. लग्नकार्यापुरता आचारी घरांत येतो, स्वयंपाकघर त्याच्या ताब्यांत जातें, कार्य उरकलें कीं तो आपलीं भांडीं घेऊन निघून जातो. बारा महिने त्याला घरांत ठेवण्याचें कारण पडत नाहीं.

परंतु आचारी आला तरी मीठ कोठें आहे हें त्याला कोणी तरी सांगावें लागतें. येथेंच या विषयाचें मर्म आहे. गाभा म्हणजे लहान लहान कामें करणाऱ्या असंख्य फंक्शनांचा समुदाय. प्रत्येक फंक्शनला नांव असतें, आणि स्मृतींत त्याचा एक पत्ता असतो. गाभा एकत्र बांधला जातो त्या वेळीं आंतल्या आंत सर्व नांवांची सर्व पत्त्यांशीं गांठ घातली जाते. मॉड्यूल मात्र निराळें बांधलेलें असतें. त्याच्या मजकुरांत अमुक नांवाच्या फंक्शनला बोलवा असें लिहिलेलें असतें, पण पत्त्याची जागा कोरी असते. मॉड्यूल आंत घेतांना गाभा तीं कोरीं ठिकाणें भरतो. तीं भरण्यासाठीं तो आपल्याजवळची एक यादी पाहतो, आणि या यादींत सगळीं नांवें नसतात.

मोठ्या कचेरींत टेबलाटेबलावर टेलिफोन असतात. त्यांचे अंतर्गत क्रमांक आंतल्या लोकांना ठाऊक असतात. शहराच्या टेलिफोनच्या वहींत मात्र त्यांतले दोन-चारच छापलेले असतात. बाहेरच्या माणसानें त्या दोन-चारांवरच बोलावें, अशी अपेक्षा असते. गाभ्याच्या लेखकानें एखादें नांव मॉड्यूलांसाठीं खुलें करावयाचें ठरविलें, कीं तो त्या फंक्शनच्या खालीं एक ओळ लिहितो. तींत एक्स्पोर्ट सिम्बॉल हे शब्द आणि त्या फंक्शनचें नांव, एवढेंच असतें. ही ओळ म्हणजे वहींत क्रमांक छापणें. ती असली तर मॉड्यूलला पत्ता मिळतो. नसली तर मॉड्यूल बांधतांनाच तक्रार येते. आणि बांधून झालेलें मॉड्यूल अशा नांवाची मागणी घेऊन आलें, तर गाभा नांव अनोळखी आहे असें नोंदवून त्याला दारांतूनच परत पाठवतो.

यांतून एक गंमतीचा, पण लेखकांना पुष्कळदां नडणारा प्रकार उद्भवतो. मोजणीची आज्ञावली गाभ्यांत कायमची बसविलेली असते तोंवर ही ओळ नसली तरी कांहीं अडत नाहीं, कारण घरच्या माणसाला अंतर्गत क्रमांक ठाऊकच असतात. लेखक ती तशीच तपासून पाहतो. सारें सुरळीत चालतें. मग कोणी तरी तीच आज्ञावली मॉड्यूल म्हणून बांधूं जातो, आणि एकाएकीं चार नांवें अनोळखी ठरतात. आज्ञावलींत एका अक्षराचाही फरक झालेला नसतो. फरक झालेला असतो तो तिच्या राहण्याच्या जागेंत. घरांतून वेगळें बिऱ्हाड केल्यावर आजवर न मागतां मिळणाऱ्या किती वस्तु आतां मागाव्या लागतात हें जसें कळतें, तसेंच हें होय.

या प्रश्नाची खरी कसोटी २००२ सालीं लागली. ऑप्रोफाइल नांवाचें एक मोजणीचें साधन त्या काळीं लोकप्रिय होत होतें. जॉन लेव्हन हा त्याच्या प्रमुख कर्त्यांपैकीं एक. हें साधन गाभ्याच्या अधिकृत संग्रहाच्या बाहेर लिहिलेलें असून मॉड्यूल म्हणून आंत येत असे. गणक ओसंडला कीं त्याला पत्ता मिळे; पण तो पत्ता कोणत्या आज्ञावलीच्या कोणत्या फाइलींतला, हें कळण्यासाठीं कोणती फाइल स्मृतींत कोठें मांडली गेली याची वार्ता लागे. ती वार्ता देण्याची सोय गाभ्यांत नव्हती. म्हणून ऑप्रोफाइलनें निराळी युक्ति काढली. बाहेरच्या आज्ञावली ज्या खिडक्यांशीं येऊन मागणी करतात, त्या खिडक्यांचा एक तक्ता गाभ्यांत असतो. त्या तक्त्याचें नांव तेव्हां मॉड्यूलांना खुलें होतें. ऑप्रोफाइल तक्त्यांतील कांहीं पत्ते पुसून तेथें आपले पत्ते लिही, येणारी मागणी आधीं स्वतः पाही, आणि मग खऱ्या खिडकीकडे पाठवून देई.

युक्ति चाले, पण ती धोक्याची होती. दोन मॉड्यूलांनीं एकाच खिडकीवर आपापल्या पाट्या लावल्या, आणि आधीं आलेलें मॉड्यूल आधीं निघून गेलें, तर राहिलेल्याच्या हातीं ओसाड पत्ता उरे आणि सबंध यंत्र कोसळे. शिवाय ज्या दाराने सज्जन मापक आंत येतो, त्याच दारानें यंत्राचा मालक बनूं पाहणारा दुष्टही येऊं शकतो. म्हणून २.५ या विकासमालिकेंत २००२ च्या उत्तरार्धांत त्या तक्त्याचें नांव वहींतून काढून टांकण्यांत आलें. ऑप्रोफाइलचा मार्ग खुंटला.

येथें गोष्ट संपली असती तर ती केवळ दार बंद केल्याची गोष्ट झाली असती. पण तसें झालें नाहीं. ऑप्रोफाइलला खरोखर काय हवें होतें, याचा विचार झाला. त्याला खिडक्यांचा तक्ता नको होता. त्याला इतकेंच हवें होतें, कीं एखादें काम संपत असतांना किंवा त्याची फाइल स्मृतींतून उतरवली जात असतांना आपल्याला कोणी तरी हांक मारावी. मग गाभ्यांत तेवढीच हांक मारण्याची लहानशी व्यवस्था लिहिली गेली, आणि तिच्यांत नांव नोंदविण्याचीं व नोंद काढून घेण्याचीं फंक्शनें मॉड्यूलांसाठीं खुलीं करण्यांत आलीं. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत, २.५.४३ या आवृत्तींत, ऑप्रोफाइल अधिकृतपणें लिनक्सच्या संग्रहांत आलें. भिंत फोडून आंत येणाऱ्याला घंटेची दोरी देण्यांत आली. सगळा तक्ता उघडा टाकण्यापेक्षां ही दोन-तीन नांवें उघडणें किती तरी सुरक्षित होतें, आणि मोजणीचें कामही त्यांनीं पुरें होत होतें.

पुढें मोजणीची सर्वसमावेशक व्यवस्था असावी असें वाटूं लागलें. २००८ च्या डिसेंबरांत टोमास ग्लाइक्सनर आणि इंगो मोलनार यांनीं तिचा पहिला आराखडा मांडला, आणि २००९ च्या सप्टेंबरांत निघालेल्या २.६.३१ आवृत्तींत ती दाखल झाली. तिला पर्फ या आटोपशीर नांवानें ओळखतात. पुढें ऑप्रोफाइलच्या कर्त्यांनींही मोजणीसाठीं पर्फचाच आधार घेतला, आणि ऑप्रोफाइलचा गाभ्यांतील जुना भाग २०२१ सालीं काढून टांकण्यांत आला. पर्फची रचना अशी, कीं मधला कारभार एकाच्या हातीं. आणि निरनिराळ्या जातींच्या मोजयंत्रांनीं त्याच्याकडे येऊन आपली नोंदणी करावयाची. बाहेरून कोणी मोजणी मागितली, तर ती कोणत्या मोजयंत्राकडे द्यावयाची हें मधला कारभारी ठरवतो.

आरंभीं या सर्व मोजयंत्रांच्या आज्ञावली गाभ्यांतच कायम वस्तीला असत. थोडीं होतीं तोंवर तें खपलें. पण प्रोसेसरांच्या पिढ्या झपाट्यानें वाढल्या. मुख्य प्रोसेसरच्या भोंवतीं स्मृतीचा नियंत्रक, सामायिक सांठा, एका प्रोसेसरला दुसऱ्याशीं जोडणारे मार्ग, असे जे भाग असतात, त्यांतही गणक आले. आणि प्रत्येक पिढींत त्यांची मांडणी निराळी. इंटेलच्या या एकाच विभागाच्या आज्ञावलींत पिढीमागून पिढीचे तक्ते सांठत गेले. ज्याच्या घरीं दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर, त्याच्याही स्मृतींत हे तक्ते विनाकारण बसूं लागले.

म्हणून २०१४ सालीं पर्फच्या मधल्या कारभारांत एक बदल झाला. मोजयंत्राची नोंदणी करणारें आणि नोंदणी रद्द करणारें अशीं दोन फंक्शनें मॉड्यूलांना खुलीं करण्यांत आलीं. पाहिलें तर दोन ओळी. पण केवळ दोन ओळी लिहून भागणारें नव्हतें, हें या प्रसंगावरून चांगलें समजतें. कायमचा रहिवासी घर सोडून जात नाहीं. मॉड्यूल जाऊं शकतें. एखादी मोजणी चालू आहे, गणक फिरतो आहे, आणि तेवढ्यांत यंत्राच्या चालकानें तें मॉड्यूल काढून टांकलें तर? पुढच्या क्षणीं गणक ओसंडेल, प्रोसेसर ठरल्या पत्त्यावर धांवेल, आणि तेथें कोणीच नसेल. म्हणून त्याच बदलांत अशी तजवीज केली गेली, कीं प्रत्येक चालू मोजणीनें आपल्या मॉड्यूलचा पदर धरून ठेवावा. जोंवर एकही मोजणी चालू आहे तोंवर मॉड्यूलला निघतां येत नाहीं; शेवटची मोजणी संपली कीं पदर सुटतो. नांव खुलें करणें म्हणजे केवळ पत्ता सांगणें नव्हे; येणाऱ्याच्या जाण्याचीही जबाबदारी घेणें आहे.

दोन वर्षांनीं, २०१६ च्या मार्चमध्यें, ग्लाइक्सनर यानें व इतरांनीं इंटेलच्या तीन मोजयंत्रांना कायमच्या वस्तींतून हलवून मॉड्यूल बनविण्याचें काम हातीं घेतलें. पहिलें भोंवतालच्या भागांचें मोजयंत्र, दुसरें विजेच्या खर्चाचें, तिसरें प्रोसेसर किती वेळ निजून राहिला हें मोजणारें. तीं आंत असतांना जी निष्काळजी खपून गेली होती, ती आतां दिसूं लागली. घेतलेली स्मृति परत करणें, लावलेले गजर बंद करणें, अर्ध्यावर बिघडल्यास मागचें सारें आवरणें, हें सर्व नीट करावें लागलें. आणि असें करतांना आढळलें, कीं एक नांव अजून वहींत छापलेलें नाहीं. कोणकोणत्या घटना मोजतां येतात याचें वर्णन बाहेरच्या साधनांना वाचावयास देणारें एक छोटें फंक्शन होतें. मॉड्यूल झालेल्या मोजयंत्रांना तें लागतें, एवढेंच कारण देऊन तें खुलें करण्यांत आलें. त्याच वर्षीं जुलैंत निघालेल्या ४.७ आवृत्तीपासून हीं तिन्हीं मोजयंत्रें मॉड्यूल म्हणून ठेवतां येऊं लागलीं. यंत्र सुरू होतांना प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे हें पाहून नेमकें हवें तेंच मॉड्यूल आपोआप आंत येतें; बाकीचीं तबकडीवर निजून राहतात.

यांतील विजेच्या मोजयंत्राचें उदाहरण विशेष बोलकें आहे. इंटेलच्या २०११ च्या सुमारास आलेल्या सँडी ब्रिज पिढीपासून प्रोसेसर स्वतःच्या ऊर्जेच्या खर्चाचा आंकडा देतो. त्या पिढींतील नेहमींचें एकक म्हणजे एका ज्यूलचा ६५,५३६ वा भाग. आणि आंकडा ठेवण्याची जागा बत्तीस द्विमान स्थानांची. म्हणजे ६५,५३६ ज्यूल खर्च झाले कीं मीटर पुन्हां शून्यावर येतो. प्रोसेसर शंभर वॅट खात असेल तर ही पाळी सुमारें अकरा मिनिटांनीं येते. कोणी तासानें येऊन आंकडा वाचला, तर मीटर मध्यंतरीं पांच वेळां फिरून गेल्याचें त्याला कळणारही नाहीं. म्हणून या मॉड्यूलला मोजणी चालू असेपर्यंत ठराविक अंतरानें स्वतःच उठून मीटर वाचावा लागतो आणि बेरीज ठेवावी लागते. बाहेर बसून हें काम विश्वासानें होत नाहीं. त्यासाठीं गाभ्याच्या आंत, गाभ्याच्या घड्याळावर बसावें लागतें.

इतका उपयोग आहे, तर सारींच नांवें खुलीं कां करूं नयेत, असें एखाद्याला वाटेल. लिनक्सच्या मंडळींनीं याविषयीं धोरण ठरविलें आहे. बाहेरच्या आज्ञावलींना ज्या खिडक्या दिल्या आहेत त्या कधीं मोडावयाच्या नाहींत, हा टोरवाल्ड्स यांचा जुना आणि कडक नियम आहे. उलट, गाभ्याच्या आंतील फंक्शनें केव्हांही बदलण्याचें स्वातंत्र्य गाभ्याच्या लेखकांनीं स्वतःकडे राखलें आहे. एक नांव खुलें केलें, कीं तें कोठें कोठें वापरलें जाईल याचा अंदाज राहत नाहीं, आणि पुढें त्यांत सुधारणा करतांना हात आखडतो. म्हणून संग्रहांतील एखाद्या मॉड्यूलला प्रत्यक्ष गरज असल्यावांचून नांव खुलें करूं नये, असा प्रघात आहे. शिवाय पुष्कळशीं नांवें, आणि त्यांत पर्फच्या नोंदणीचीं नांवेंही आलीं, जीपीएल हा मुक्त परवाना पाळणाऱ्या मॉड्यूलांपुरतींच खुलीं असतात. ज्यानें आपली मूठ झांकलेली ठेवावयाचें ठरविलें आहे, त्याला दुसऱ्याची मूठ उघडून मागतां येत नाहीं, असा त्यामागचा न्याय आहे.

दिलेलें नांव परत घेतलें जातें तेव्हां कोणाला तरी झळ लागतेच. गाभ्यांतील कोणत्याही नांवाचा पत्ता शोधून देणारें एक फंक्शन दीर्घकाळ खुलें होतें. टेलिफोनच्या वहींत एकच क्रमांक छापावा, आणि त्यावर विचारलें असतां कचेरींतला वाटेल तो अंतर्गत क्रमांक सांगितला जावा, तसा हा प्रकार होता. वही असून नसल्यासारखी झाली. २०२० सालच्या ५.७ आवृत्तींत तें बंद करण्यांत आलें. त्याचा फटका आडवाटेनें शिरणाऱ्यांना जसा बसला, तसा एलटीटीएनजी या प्रामाणिक साधनालाही बसला. गाभ्यांतील घटनांची बारकाईनें नोंद घेणारें हें साधन मूळ संग्रहाच्या बाहेर वाढलेलें, आणि न छापलेल्या कांहीं नांवांसाठीं त्या एका क्रमांकावर विसंबलेलें. त्याच्या कर्त्यांना दुसरी वाट शोधावी लागली. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण ज्यांनीं दार बंद केलें त्यांचीही भीति खोटी नव्हती.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ही भीति आणखी एका बाजूनें खरी ठरली. ग्राझ येथील तंत्रविद्यापीठांतील व इतर ठिकाणच्या संशोधकांनीं दाखवून दिलें, कीं प्रोसेसरचा विजेचा मीटर पुरेशा बारकाईनें वाचला, तर त्यावरून आंत चाललेल्या गुप्तलेखनाच्या किल्ल्यांचा माग काढतां येतो. शेजारच्या घरांतील मीटर किती वेगानें फिरतो यावरून तेथें कोणती शेगडी पेटली आहे हें ओळखावें, त्यांतलाच हा प्रकार; फक्त येथें शेगडीच्या जागीं बँकेच्या व्यवहाराची किल्ली असूं शकते. तोंवर लिनक्समध्यें ऊर्जेचे आंकडे फाइलींतून वाचण्याची एक वाट सर्वांना मोकळी होती. ती तत्काळ केवळ यंत्राच्या मुख्य चालकापुरती राखून ठेवण्यांत आली. मोजमाप ही वरवर पाहतां किती निरुपद्रवी गोष्ट! पण जो मोजतो तो जाणतो, आणि जो जाणतो त्याच्या हातीं कांहीं एक सत्ता येते. म्हणून कोणतें मोजयंत्र आंत घ्यावयाचें आणि त्याचे आंकडे कोणाला दाखवावयाचे, हे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतात. पहिल्याचें उत्तर खुल्या केलेल्या नांवांच्या यादींत मिळतें. दुसऱ्याचें उत्तर यंत्राच्या चालकाला द्यावें लागतें.

या सर्व हकीकतीवरून दिसून येतें, कीं एक नांव खुलें करण्याची ती ओळ दिसावयास क्षुल्लक असली तरी तिच्यामागें एक करार असतो. खुलें करणारा म्हणतो, हें फंक्शन येणाऱ्यानें बोलावल्यास तें कोसळणार नाहीं अशी मीं खात्री केली आहे. येणारें मॉड्यूल म्हणतें, मला जेवढें हवें तेवढेंच मागेन, आणि जातांना मागें कांहीं ठेवणार नाहीं. २००२ सालीं खिडक्यांचा सबंध तक्ता मिटला आणि त्याऐवजीं एक घंटा बांधली गेली. २०१४ सालीं नोंदणीचें दार उघडलें आणि त्याबरोबर पदर धरण्याची रीत आली. २०१६ सालीं एका छोट्या फंक्शनचें नांव वहींत छापलें गेलें आणि तीन मोजयंत्रें कायमचा मुक्काम सोडून गरजेपुरतीं येऊं-जाऊं लागलीं. प्रत्येक वेळीं मूठ उघडली गेली, पण बोटाबोटानें आणि कारण पाहून.

कचेरींतला मंदावलेला संगणक दुपारीं बाराच्या सुमारास तपासला जातो, विलंब स्मृतीच्या मार्गावर आहे असें एका तक्त्यावरून कळतें, आणि नव्या यंत्राचा खर्च वांचतो. तो तक्ता वाचणाऱ्याला त्या एका ओळीची आठवण होण्याचें कारण नाहीं. घरांतील दिवा लागला कीं भिंतींतल्या तारेचा विचार कोण करतो? परंतु तार योग्य ठिकाणीं उघडी ठेवलेली आणि इतरत्र नीट झांकलेली असते, म्हणूनच दिवा लागतो आणि हातही भाजत नाहीं.